वाफ कुणाची, गाणं कुणाचं?



आम्हाला हल्ली एक प्रश्न वारंवार विचारला जातो. चळवळीतली जुनी मंडळी विचारतात, वसतिगृहातली पोरं विचारतात. वामनदादा ऐकत वाढलेल्या तुम्हा लोकांना हे गोऱ्यांचं स्टीमपंक कुठून सुचलं? राणीच्या काळातले कोट घालून, टोपीवर गॉगल चढवून गाणाऱ्यांशी आपला संबंध काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

ज्यांनी हे नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८७ साली के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने 'लोकस' या विज्ञानकथांच्या मासिकाला पत्र लिहिलं आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात घडणाऱ्या अद्भुत कथांना गमतीने हे नाव सुचवलं. तेव्हा 'सायबरपंक' जोरात होतं, त्यावरची ही कोटी. कल्पना साधी आहे : वाफेचं युग संपलंच नसतं तर? सगळं जग वाफेवर आणि दातेरी चाकांवरच पुढे गेलं असतं तर? मग आकाशात हवाई जहाजं, पितळी यंत्रमानव, वाफेवर चालणारे संगणक. आधी पुस्तकं आली, मग कपडे आले, मग संगीत आलं. इंग्लंडमधल्या लिंकन गावात २००९ पासून या लोकांचा मोठा मेळा भरतो. आणि जिथे हे शौकीन भेटतात तिथे एक गोष्ट हमखास होते : तू सध्या काय ऐकतोस, तुला नवीन काय सापडलं, याची देवाणघेवाण.

तीच सवय आम्ही उचलली. आम्ही पाच जण. दोघं हिंजवडीत नोकरीला, दोघी विद्यापीठात, एक जण स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नात. दापोडीतल्या एका भाड्याच्या खोलीत रविवारी संध्याकाळी बसतो. नियम एवढाच की प्रत्येकाने दोन गोष्टी आणायच्या, एक जुनी आवडती आणि एक नुकतीच सापडलेली. ऐकून झाल्यावर भांडायचं. भांडण नसेल तर त्या रविवारी चहा फुकट गेला असं आम्ही समजतो.

सुरुवात अर्थातच 'अॅबनी पार्क'पासून झाली. हा सिअॅटलचा बँड, १९९७ च्या सुमारास सुरू झालेला, नाव मात्र लंडनच्या एका जुन्या दफनभूमीचं. आधी ते गॉथ वाजवायचे. पुढे त्यांनी स्वतःविषयी एक दंतकथाच रचली की आपण 'ओफेलिया' नावाच्या हवाई जहाजावरचे चाचे आहोत. व्हायोलिन, ढोलकं, इलेक्ट्रॉनिक ठेका आणि वर रॉबर्ट ब्राऊनचा जड आवाज. ऐकायला मजा येते, खोटं कशाला बोला. पण तीन-चार गाण्यांनंतर आमच्यातल्या एकीने विचारलं, हे चाचे लुटतात कुणाला? लूट कुठून येते? गाण्यात त्याचं उत्तर नसतं. 'स्टीम पॉवर्ड जिराफ' हा सॅन डिएगोचा संच आम्हाला जास्त भावला. २००८ मध्ये तिथल्या बल्बोआ पार्कात ते चेहऱ्याला रंग फासून, यंत्रमानवासारखे अडखळत हलत रस्त्यावर गायचे. जुळ्या भावंडांनी उभं केलेलं हे काम आहे. तीन आवाजांचा मेळ इतका नितळ की विनोदी गाण्यातही घशात काहीतरी अडकतं. माणसाने यंत्र होऊन गायचं आणि त्यातून माणूसपणच दिसायचं, ही युक्ती आमच्या तमाशातल्या सोंगाड्याला चांगली कळली असती.

मग तो रविवार आला, ज्यामुळे हा लेख लिहावा लागला.

लंडनमध्ये 'द मेन दॅट विल नॉट बी ब्लेम्ड फॉर नथिंग' नावाचा एक बँड आहे. लांबलचक नाव १८८८ च्या लंडनमधल्या, जॅक द रिपरच्या खुनांच्या वेळी भिंतीवर सापडलेल्या एका वाक्यावरून घेतलेलं. हे लोक अत्तर लावलेलं स्टीमपंक करत नाहीत. पंकचा आरडाओरडा आणि जुन्या लंडनच्या दारूगुत्त्यांतली गाणी एकत्र करून ते राणीच्या काळातल्या गरिबांची, चिमण्या झाडणाऱ्या पोरांची बाजू गातात. २०१० मध्ये त्यांनी पहिला अल्बम काढला आणि त्यातलं एक गाणं चक्क मेणाच्या सिलिंडरवर काढलं. एडिसनच्या फोनोग्राफवर वाजायचा तसला सिलिंडर, मोजक्याच प्रती. वाजवायला यंत्र कुणाकडे असणार? पण नाद असतो एकेकाचा. गाण्याचं नाव 'स्यूअर'. म्हणजे गटार. लंडनच्या जमिनीखालच्या गटारांवरचं गाणं.

हे गाणं ज्याने आणलं, त्याचे वडील पालिकेत ड्रेनेज खात्यात होते. चेंबरमध्ये उतरणारे. गाणं वाजलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, ठेका जबरदस्तच आहे. मग तो म्हणाला, "माझ्या बापाच्या कामावर लोकांनी हौसेने गाणं केलंय, मेणाच्या नळीवर छापलंय आणि टोपी घालून नाचतात. मला राग यायला पाहिजे ना? येत नाहीये. का येत नाहीये ते सांगा."

त्या रात्री आम्ही बरंच वाचलं. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी घाण सुटली की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या द्रावणात भिजवून टांगावे लागले. इतिहासात त्याला 'ग्रेट स्टिंक' म्हणतात, महादुर्गंधी म्हणा हवं तर. गरीब वस्त्यांत पटकी आधीपासून हजारोंनी माणसं मारत होती, पण वास सभागृहात शिरला तेव्हाच पैसा मंजूर झाला. सत्ता कुठलीही असो, हे असंच चालतं. जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने मग शहराखालून ८२ मैलांची विटांची मुख्य गटारं काढली आणि मैला वर उपसून शहराबाहेर ढकलण्यासाठी वाफेची प्रचंड इंजिनं बसवली. त्यातलं क्रॉसनेसचं पंपिंग स्टेशन १८६५ मध्ये सुरू झालं. युवराज स्वतः आले होते उद्घाटनाला. आत ओतीव लोखंडाची अशी नक्षी की देऊळ वाटावं. स्टीमपंकच्या माणसाला याहून मोठं तीर्थ नाही. आणि त्या चार इंजिनांची नावं काय ठेवली? 'व्हिक्टोरिया', 'प्रिन्स कन्सॉर्ट', 'आल्बर्ट एडवर्ड' आणि 'अलेक्झांड्रा'. राणी, तिचा नवरा, मुलगा आणि सून.

थांबा इथे जरा. मैला उपसणाऱ्या यंत्राला राणीचं नाव! कुणाला विटाळ झाला नाही. राजघराण्याने फिर्याद केली नाही. उलट अभिमानाने नाव कोरलं. आता आपल्याकडे या. त्याच साम्राज्यात, त्याच काळात, मुंबईतही जमिनीखाली गटारं निघाली, पण घरोघरचा मैला उचलायला माणसंच ठेवली गेली, आणि ती कुठल्या जातींची होती हे तुम्हाला सांगायला नको. त्यासाठी वसूल होणाऱ्या पट्टीचं नाव होतं 'हलालखोर कर'. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात ते नाव छापलेलं आहे. लंडनमध्ये मैल्याचं यंत्र राणीच्या नावाने ओळखलं गेलं, इथे मैल्याचा कर मैला उचलणाऱ्यांच्या नावाने. इंजिनिअरिंगची पुस्तकं दोन्हीकडे तीच होती. मध्ये जात होती.

आमच्या मित्राला राग का आला नाही, याचं आम्हाला सापडलेलं कारण हे आहे. लंडनच्या गटारात उतरणारा माणूसही गरीबच होता, त्याचीही फरफटच झाली. पण त्याच्या पोराने गटारावर गाणं केलं तर ते शहराचं गाणं होतं. त्या कामाची लाज त्याच्या रक्तात असल्याचं कुणी ठरवलेलं नव्हतं. मित्राचे वडील निवृत्त होईपर्यंत शेजाऱ्यांना 'पाणी खात्यात आहे' असं सांगायचे. हाताने मैला वाहण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरणाऱ्याच्या घरच्यांना १० लाख द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ३० लाख. म्हणजे कायदा आहे, निकाल आहे, भरपाईचा दरही वाढतो आहे, आणि माणूस अजून आतच उतरतो आहे. ज्या देशातली पोरं चंद्रावर यान उतरल्याची मिठाई वाटतात, त्या देशात दीडशे वर्षांपूर्वीच्या पंपाची गोष्ट ही काल्पनिक विज्ञानकथा वाटते. अभिजनांना स्टीमपंक म्हणजे भूतकाळ वाटतो. आमच्या मित्राच्या घरी ते अजून न आलेलं भविष्य आहे.

आता कुणी म्हणेल, तुम्ही साम्राज्याचं कौतुक करताय. अजिबात नाही. स्टीमपंकवरचा हा आक्षेप जुना आहे आणि गोऱ्यांमध्येही घेतला गेलेला आहे. चार्ल्स स्ट्रॉस या ब्रिटिश विज्ञानकथाकाराने २०१० मध्येच झोडपून लिहिलं होतं की तुम्ही लेस आणि पितळ तेवढं उचलता, त्या काळातली बालमजुरी, उपासमार आणि वसाहती कुठे टाकता? बरोबरच आहे. 'प्रोफेसर एलिमेंटल' नावाचा ब्रायटनचा एक रॅपर आहे, डोक्यावर शिकाऱ्याची सोला टोपी घालतो. त्याच्या प्रकाराला 'चॅप-हॉप' म्हणतात, इंग्रज साहेबाच्या थाटातलं हिप-हॉप. त्याचं गाजलेलं गाणं चहावर आहे. गाणं झकास आहे, साहेबाची टिंगलच आहे त्यात. पण ती टोपी आणि तो चहा एकत्र पाहिला की आसामचे मळे आठवल्याशिवाय राहत नाहीत. छोटानागपूरच्या आदिवासींना करारात अडकवून तिथे नेलं गेलं आणि १८८२ च्या कायद्याने पळालेल्या मजुराला पकडायचा अधिकार मळेवाल्याला होता. त्या मजुरांची झुमुर गाणी आजही आसामात गायली जातात. ती आम्ही चहाच्या गाण्याला लागून लगेच लावतो. दोन्ही ऐकायची. एक ऐकून दुसरं बंद करायचं नाही.

तसंच त्या पितळी भोंग्याचं. स्टीमपंकच्या प्रत्येक पोस्टरवर ग्रामोफोनचा भोंगा असतो. पण भोंग्याखाली फिरणारी तबकडी कशाची होती? लाखेची. शेलॅक म्हणजे लाख, पळस, बोर आणि कुसुमाच्या फांद्यांवर किडे तयार करतात ती. जगातली बहुतेक लाख तेव्हा हिंदुस्थानातून जायची, आणि तिचा मोठा भाग छोटानागपूरच्या जंगलातून. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ मध्येच निघाली, यावरून धंदा केवढा होता ते समजा. म्हणजे १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर उतरला, तेव्हापासून पन्नासेक वर्षं जगभरच्या गाण्यांना अंग पुरवलं ते फांद्या खरवडणाऱ्या आदिवासींनी. तबकडीच्या लेबलवर गायकाचं नाव असतं, कंपनीचं असतं, कुत्र्याचंसुद्धा चित्र असतं. लाख गोळा करणारीचं नसतं.

तरीही आम्ही यंत्राच्या बाजूने आहोत, आणि इथे आमचा स्टीमपंकच्या काही मंडळींशीच नव्हे तर आपल्याकडच्या चरखावाल्यांशीही झगडा आहे. बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं' या ग्रंथात गांधीवादाचा जो समाचार घेतला आहे, त्यात यंत्रावरचं विवेचन मुद्दाम वाचा. त्यांचं म्हणणं असं की यंत्राशिवाय बहुसंख्य माणसांना फुरसत मिळणार नाही, आणि फुरसत नसेल तर संस्कृती नाही, नुसतं राबणं आहे. दोष यंत्राचा नाही, तर यंत्राचा फायदा मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. हे काही पुस्तकी बोलणं नव्हतं. मजूरमंत्री असताना १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः गेले होते. वाफ कशातून निघते आणि कुणाच्या घामातून, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

आणि यंत्र आलं म्हणून जात आपोआप गेली असंही नाही. मुंबईच्या गिरण्यांचंच घ्या. विणाई खात्यात पगार जास्त, पण अस्पृश्यांना तिथे मज्जाव. कारण? धोट्यातला धागा बदलताना तो तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. लँकेशायरच्या गिरण्यांतही हीच पद्धत होती, तिथे तिच्यामुळे रोग पसरण्याची तक्रार झाली. मुंबईत तिच्यामुळे विटाळ पसरला! धोटा तोच, साचा तोच. १९२८ च्या संपात लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना बाबासाहेबांनी हाच सवाल केला होता की तुमच्या मागण्यांत विणाई खातं आमच्यासाठी खुलं करण्याची मागणी कुठे आहे? स्टीमपंकच्या कादंबऱ्यांत गिरणीचा भोंगा फार सुंदर वाजतो. परळ-लालबागच्या चाळींत तो वाजला तेव्हा आपली माणसं कुठल्या खात्याकडे चालत गेली, हे त्या भोंग्यात ऐकू येत नाही. ते वामनदादांसारख्या, गिरणीत राबलेल्या माणसाच्या गाण्यात ऐकू येतं.

कपड्यांचंही एक सांगायचं राहिलं. मध्यंतरी शहरातल्या एका कॅफेत स्टीमपंकच्या शौकिनांची संगीतबैठक होती, आम्ही तिघे गेलो. सगळे वेस्टकोट, खिशातलं घड्याळ, टाय अशा थाटात. आमच्यातला एक साध्या निळ्या सुटात होता. एकाने कौतुकाने विचारलं, "कॉस्च्युम कुठून घेतलास?" तो म्हणाला, "कॉस्च्युम नाही, लग्नाचा आहे." आमच्या घरात तीन-तुकडी सूट हा फॅन्सी ड्रेस नाही. ज्यांना पुरुषभर कापड नेसायची, अंगावर धड दागिना घालायची बंदी होती, त्यांच्या चौकाचौकात सुटातला माणूस उभा आहे, हातात पुस्तक घेऊन. ज्या राणीच्या काळाची त्यांना हौस आहे, त्या काळातून आम्ही फक्त एवढंच उचललं आणि ते अजून उतरवलेलं नाही. त्या बैठकीत आमची पाळी आली तेव्हा आम्ही एक भीमगीत लावलं, हार्मोनियम, ढोलकी आणि क्लॅरिनेटवालं. अर्ध्यातच कुणीतरी म्हणालं, "छान आहे, पण जरा पॉलिटिकल होतंय." साम्राज्याच्या गणवेशात बसलेल्या माणसाला पॉलिटिकल हा शब्द बरोबर कधी आठवतो, याची गंमत वाटली. आम्ही गाणं पूर्ण वाजवलं आणि मग उठलो. त्यातल्या दोघी मागून येऊन गाण्याचं नाव लिहून घेऊन गेल्या, हेही नमूद केलं पाहिजे.

लंडनचाच 'संडे ड्रायव्हर' हा बँड आम्हाला त्याच बैठकीत सापडला. स्टीमपंकमध्ये सतार-तबला घेऊन येणारे हे लोक. त्यांच्या एका अल्बमचं नाव 'द म्युटिनी' आहे. १८५७ म्हटलं की इथल्या लोकांची छाती फुगते, आमची तेवढी फुगत नाही, त्याची कारणं पुन्हा कधीतरी. पण गायिकेचा आवाज तलवारीसारखा आहे. काळे अमेरिकन लोक तर याच्या पुढे गेले. त्यांनी 'स्टीमफंक' म्हणून आपलं वेगळं दालनच उघडलं. मिल्टन डेव्हिस आणि बलोगुन ओजेताडे यांनी २०१३ मध्ये त्याच नावाचा कथासंग्रह काढला. वाफेचं युग म्हणजे आमच्या गुलामीचं युग होतं, तेव्हा त्याची कल्पना पुन्हा करायची तर आम्हीच करू, असा त्यांचा बाणा. तो आम्हाला पटला.

त्या वाटेने आम्ही 'जॉन हेन्री'पर्यंत पोचलो, आणि सगळ्यात मोठं भांडण तिथे झालं. हे लोकगीत जुनं आहे, अनेकांनी गायलंय, आम्ही पॉल रोबसनचं ऐकलं. वेस्ट व्हर्जिनियात १८७० च्या सुमारास रेल्वेचा बोगदा खणताना वाफेवर चालणारं ड्रिल आणलं जातं. जॉन हेन्री हा काळा मजूर म्हणतो, मी हातोड्याने त्याच्या पुढे जाईन. जातो, जिंकतो आणि हातात हातोडा घेऊनच मरतो. काही इतिहासकारांच्या मते तो तुरुंगातून ठेकेदाराला भाड्याने दिलेला कैदी होता. आमच्यातली एक म्हणाली, याच्याइतकं खरं वाफेचं गाणं दुसरं नाही, बोरघाट फोडताना मेलेल्या आपल्या हजारो माणसांवर असं एक गाणं असायला हवं होतं. स्पर्धा परीक्षावाला म्हणाला, मला हे गाणं चालत नाही. मजुराने यंत्राशी शर्यत लावून मरायचं आणि लोकांनी त्याची छाती वाखाणायची, हे ठेकेदाराला सोयीचं आहे. त्याला यंत्र हवं होतं, हातोडा नको. दोघंही हट्टाला पेटले. ती म्हणते, यंत्र त्याला मिळणारच नव्हतं, त्याला फक्त हकालपट्टी मिळणार होती. तो म्हणतो, मग गाणं हकालपट्टीविरुद्ध हवं, यंत्राविरुद्ध नको. दोन रविवार गेले, निकाल लागलेला नाही.

या भांडणात एक तिसरी बाजू अनपेक्षितपणे आली. आमच्यातल्या एकीची आई माजलगावकडची. ती काही दिवस खोलीवर राहायला होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आम्ही ऐकत होतो. लाखाच्या वर ओव्या आहेत त्यात, आणि बाबासाहेबांवर, रमाईवर गाणाऱ्या आपल्या बायांच्या कितीतरी. आम्ही हळहळत होतो की पिठाच्या गिरण्या आल्या आणि ही गाणी बंद झाली. मावशी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "गिरणी आली तवा आम्ही साखर वाटली हुती. पहाटं तीनला उठून दोन पायल्या दळा, मग बोला." मग थोड्या वेळाने त्यांनी दोन ओव्या म्हणून दाखवल्या, दळायला काही नसताना, पाय पसरून, निवांत. आमच्यातल्या परीक्षावाल्याने हळूच मोबाईल पुढे सरकवला आणि रेकॉर्ड केल्या. बाबासाहेबांनी फुरसतीबद्दल लिहिलेलं पान आम्ही कितीदा वाचलं होतं, पण ते ऐकलं त्या दिवशी.

सध्या आमच्या खोलीत पितळेचा हंगाम चालू आहे. स्टीमपंकवाल्यांना पितळ फार प्रिय, म्हणून आम्ही शोधत गेलो की इंग्लंडमध्ये पितळी वाद्यं वाजवायचं कोण? तर गिरणी आणि खाणकामगार. यॉर्कशायरमधला 'ब्लॅक डाइक' हा बँड कापडगिरणीच्या नावाचा, १८५५ पासून त्या नावाने वाजतो. 'ग्राइमथॉर्प' हा कोळसा खाणीचा. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडला, पुढे खाण बंद पडली, पण बँड राहिला. दत्ता सामंतांच्या १९८२ च्या संपानंतर आपल्या गिरणगावाचं काय झालं ते आठवत हे ऐका. कॉर्नेट आणि युफोनियम एकत्र उठतात तेव्हा अंगावर काटा येतो. आपल्याकडे हेच पितळ गोऱ्या पलटणींच्या बँडमधून उतरलं आणि लग्नाच्या वरातीत आलं, आणि आल्या आल्या जातीचं झालं. वरातीपुढे ट्रम्पेट वाजवणारा, डोक्यावर दिव्याची बत्ती धरून चालणारी, बहुतेक आपलेच. घोड्यावरच्या नवरदेवाला गणवेशातल्या वाजंत्र्याचं नाव माहीत नसतं. तिकडे बँड म्हणजे गावाची शान, त्याच्या स्पर्धा, त्याला ढाली. इकडे वाजवून झालं की पंगतीत शेवटी.

आमच्यातल्या एकाचे मामा परभणीकडे बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात, चाळीस वर्षं झाली. एप्रिलच्या रात्री त्यांनी आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत वाजवलेलं आणि त्याच आठवड्यात कुणाच्या वरातीत वाजवलेलं, अशी दोन्ही रेकॉर्डिंग आमच्याकडे आहेत. माणूस तोच, वाद्य तेच. मिरवणुकीतला सूर अर्ध्या पट्टीने वर आहे, आणि भाचा म्हणतो की ते नेहमीचंच आहे, तिथे मामांचा श्वासच वेगळा लागतो. लग्नसराई संपली की ते चार दिवस खोलीवर येणार आहेत. त्यांना ब्लॅक डाइक ऐकवायचं आहे.